उजव्या कानामागचा डाग

या, जवळ या मंडळी. पुढं सरका. कीर्तनात मागं बसणारा अर्धं ऐकतो आणि घरी जाऊन पूर्ण सांगतो, म्हणून मला मागं बसणाऱ्यांचा राग आहे. राग मला सध्या बऱ्याच जणांचा आहे. पण गोष्ट गोड सांगतो, वचन देतो. शेवटी तुमच्याकडं एक मागणं मागणार आहे. ते मागितल्याशिवाय उठू देणार नाही.

गोष्ट माझ्या टाचेची आहे. टाचेची! हे लक्षात ठेवा, कारण पुढं कुणालाच लक्षात राहणार नाही.

आमच्या सिडकोतल्या हनुमान मंदिरात दरसाल सप्ता असतो. सात दिवस वीणा खाली ठेवत नाहीत. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. काल्याच्या कीर्तनाला, म्हणजे शेवटच्या दिवशी, वीणा धरायचा मान सतरा वर्षं माझा. उभं राहून, दोन तास. पाटबंधारे खात्यात तीस वर्षं कारकुनी केली, तिथं कुणी मला खुर्चीसुद्धा धड दिली नाही, पण काल्याला माझ्या गळ्यात वीणा पडली की समोरचा कलेक्टरसुद्धा हात जोडतो. आता यात गर्व आहे का? आहे. मी देवाला सांगितलेलं आहे.

तर उन्हाळ्यापासून उजवी टाच ठणकायला लागली. भजनात पावली खेळताना तर टाचेत कुणी खिळा ठोकतंय असं वाटायचं. एक्स-रे काढला, काही दिसेना. हाडाचे डॉक्टर म्हणाले, "आबा, हाडांचा स्कॅन करून घ्या. बारीक चीर असली तर त्यात दिसेल." चिठ्ठी दिली. सप्त्याला नऊ दिवस होते, म्हणजे काल्याला पंधरा. म्हटलं, दिसू द्या चीर, लावू मलम, धरू वीणा.

जालना रोडवर एक तपासणी केंद्र आहे. नाव सांगत नाही, माणसं वाईट नाहीत. तिथल्या टेक्निशियन मॅडमनी हातात सुई टोचली आणि समजावलं, "काका, हे किरणं सोडणारं औषध आहे. ते हाडात जाऊन बसतं. जिथं हाड दुखावलंय तिथं जास्त बसतं, फोटोत तिथं काळा डाग दिसतो. उरलेलं लघवीवाटे बाहेर पडतं. तीन तास थांबायचं, भरपूर पाणी प्यायचं आणि सारखं लघवीला जाऊन यायचं."

आता इथं मला एक खाजगी गोष्ट सांगावी लागते. पोलीस ॲक्शन झाली त्या साली माझ्या वडिलांनी देवगाव रंगारीला तुळशीची माळ घातली. त्यांची शिस्त कडक. लघवीला जायचं तर बसून, आणि गळ्यातली माळ व दोन्ही कान उपरण्यानं झाकून. पुढं हात-पाय धुवायचे, चूळ भरायची, उपरणं सोडून डोक्याला नीट गुंडाळायचं. ही शिस्त मी साठ वर्षं पाळतोय. पाणी प्यायला सांगितलं म्हणून मी तांब्यावर तांब्या रिचवला, आणि तीन तासांत सहा वेळा शिस्त पाळली.

पाचव्या वेळी बाहेर आलो तर दारात फरशी पुसणारी बाई उभी. ठेंगणी, कपाळावर गोंदलेलं, पदर खोचलेला. म्हणाली, "आबा, उपरण्याचा सोगा भिजलाय बघा. खाली लोळत व्हता."

मी म्हणालो, "पाणी आहे ते. मी हात धुतलेत. तू तुझी फरशी बघ."

असा खेकसलो मी. लक्षात ठेवा हेही.

फोटोच्या खोलीत मॅडम म्हणाल्या, "अंगठी, करदोटा, चष्मा, खिशातल्या चाव्या, सगळं काढा. आणि ते डोक्याचं."

"डोकं उघडं टाकून मी झोपत नाही," मी म्हणालो. "उघड्या डोक्यानं माणसाला एकदाच झोपवतात."

बाहेर पाच जण खोळंबलेले. मॅडमनी घड्याळ बघितलं. "बरं, कापडच आहे. धातू नाही ना? राहू द्या."

मी सोगा, म्हणजे उपरण्याचं लोंबतं टोक, उजव्या कानामागं नीट खोसला आणि यंत्राखाली डोळे मिटून नामस्मरण करत पडलो. खरं सांगतो, वीस मिनिटं इतकी छान गेली.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. आणि इथून माझी इज्जत उताराला लागली.

रिपोर्ट इंग्रजी. आमच्या गल्लीत कुणाचाही इंग्रजी रिपोर्ट आला की तो आधी पुंजाराम वाचतो. पुंजाराम जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होता. निवृत्त झाल्यावर बैलांवरून माणसांवर आलाय. त्यानं चष्मा लावला, कागद उजेडाला धरला, आणि त्याचा चेहरा असा झाला की माझी बायको मनकर्णाबाई दाराची चौकट धरून उभी राहिली.

"काय म्हणते टाच?" मी विचारलं.

"टाच राहू द्या आबा," तो म्हणाला. "डोक्याच्या उजव्या बाजूला, कानामागं, डाग आहे. मोठा. आणि पुढं लिहिलंय, कॅन्सरची शक्यता नाकारता येत नाही."

नाकारता येत नाही! हे कसलं वाक्य आहे? मी उद्या लासूर स्टेशनच्या मोंढ्यात हमाली करीन, ही शक्यतासुद्धा नाकारता येत नाही. कुणी लिहून ठेवलंय का? पण हे वाक्य गल्लीत सुटलं आणि संध्याकाळच्या आत सातव्या घरी पोचलं तेव्हा त्यातलं 'शक्यता' गळून गेलं होतं.

लोक यायला लागले. कुणी म्हणे मोबाईल उजव्या कानाला लावता ना, त्यानंच. कुणी पपईच्या पानांचा रस घेऊन आलं. गुलमंडीवरचा आमचा कापडवाला, ज्यानं मला हे उपरणं विकलं, तो खास स्कूटर काढून आला आणि म्हणाला, "आबा, रोज सकाळी गोमूत्र घ्या, अर्धा कप. मूत्रात लई ताकद असते." मूत्रात किती ताकद असते हे त्याला आणि मला दोघांनाही अजून कळायचं होतं.

मनकर्णाबाईनं शिरा केला. दुसऱ्या दिवशी पुरणपोळी केली. तिसऱ्या दिवशी धपाटे, वर लोण्याचा गोळा. चाळीस वर्षांत सलग तीन दिवस माझ्या आवडीचं या घरात शिजलेलं नाही. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. रिपोर्टनं नाही वाटली, लोण्यानं वाटली. मी ओरडलो, "मला लोणी नको, टाचेला मलम पाहिजे!" तर ती स्वयंपाकघरात जाऊन रडली, आणि शेजारणी म्हणाल्या, "डोक्यात उतरलंय. चिडचिड वाढलीय बघा."

चिडचिड! अहो, ही चिडचिड डागाची नव्हती, तुमची होती.

आणि मग बन्सी आला. बन्सी सप्ता कमिटीचा सेक्रेटरी. आवाज चांगला, मन त्याहून चांगलं, पण सतरा वर्षं त्याचा डोळा वीणेवर, हे मला माहीत, त्याला माहीत, मारुतीला माहीत.

"आबा," तो हळू आवाजात म्हणाला. माझ्याशी सगळे हळू आवाजात बोलायला लागले होते, जसा मी पाळण्यात निजलोय. "काल्याला तुम्ही त्रास घेऊ नका. वीणेचं मी बघतो. तुमच्यासाठी पहिल्या रांगेत खुर्ची ठेवलीय."

"कसली खुर्ची?"

"प्लास्टिकची. हातांची आहे. आणि कीर्तनाच्या शेवटी तुमच्या प्रकृतीसाठी दोन मिनिटं सगळ्यांचा जप."

मंडळी, कीर्तनात खुर्ची म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक आहे. गुडघे बदललेली, बायपास झालेली, नातवानं आणून टेकवलेली माणसं तिथं बसतात. समोरचा प्रत्येक जण वीणेकऱ्याच्या पाया पडतो आणि खुर्चीतल्याकडं बघून 'अरेरे' म्हणतो. आणि दोन मिनिटं जप! माझ्यादेखत! माझी श्रद्धांजली मीच ऐकायची, वर लाह्या खाऊन घरी यायचं!

मी म्हणालो, "बन्सी, मी जिवंत आहे."

तो म्हणाला, "व्हय आबा. व्हय." इतक्या मायेनं म्हणाला की मला त्याला मारावंसं वाटलं.

मग मी डागाच्या मागं लागलो. हाडाचे डॉक्टर कागद न उघडताच म्हणाले, डोक्याचं डोक्याच्या डॉक्टरांना दाखवा. डोक्याच्या डॉक्टरांकडं नंबर लावणारी मुलगी म्हणाली, "काय दुखतंय?" मी म्हणालो, टाच. ती म्हणाली, "मग इथं कशाला आलात?" मी म्हणालो, डोक्यासाठी. ती म्हणाली, "डोकं दुखतंय का?" मी म्हणालो, आता दुखायला लागलंय. तिनं बारा दिवसांनंतरचा नंबर दिला. काला दहा दिवसांवर होता.

त्या दुपारी मी घरी येऊन रागानं तो रिपोर्ट टेबलावर आपटला आणि कपाटातलं भिंग काढलं. मला इंग्रजी येतं, हो. कालव्याच्या फायलींपुरतं येतं. तीस वर्षं फायली वाचून मला एक गोष्ट पक्की माहीत आहे: हुकूम नेहमी शेवटच्या ओळीत असतो. वर पानभर काहीही लिहिलेलं असो, साहेबाला काय करायचंय ते तळाला, सहीच्या वर. आणि स्वतःच्या डोक्याची फाईल मी पुंजारामच्या हवाली केली, जो 'नाकारता येत नाही'पाशी थांबला! शेवटची ओळ स्वच्छ होती: डोक्याचे बाजूनं पुन्हा फोटो काढून खात्री करून घ्यावी.

चार दिवस! चार दिवस मी लोणी खात मेलो होतो, आणि हुकूम तळाला पडून होता. पुंजारामला बोलावून ती ओळ दाखवली. तो म्हणाला, "आबा, जनावराच्या रिपोर्टला इतक्या ओळी नसतात हो."

पुन्हा केंद्रात. पुन्हा सुई, पुन्हा तीन तास, पुन्हा तांबे, पुन्हा शिस्त. मनकर्णाबाई बरोबर आली होती, बाकावर बसून पदराआड माळ ओढत होती. मी सोगा खोसताना तिच्याकडं बघितलं आणि कुठल्या कानामागं खोसतोय याकडं माझं लक्ष राहिलं नाही.

फोटो निघाला. या वेळी डॉक्टर स्वतः पडद्यासमोर बसले होते. मग डॉक्टर म्हणाले, "मॅडम, हा डावीकडं कसा?"

"डावीकडं?" मॅडम उठल्या.

"मागच्या खेपेला उजव्या कानामागं होता. आज डाव्या. तुम्ही मागच्या वेळी डावं-उजवं उलटं टाकलं का?"

"मी? सर, नऊ वर्षं झाली मला."

"मग डाग काय चालत गेला का?"

मी पडल्या पडल्या सगळं ऐकत होतो. पहिल्यांदा वाटलं, चला, यांचं यांनाच कळत नाही. मग ध्यानात आलं. फिरता रोग! उजवीकडून डावीकडं सहा दिवसांत. काल्यापर्यंत कुठं पोचेल? मनकर्णाबाईचं काय होईल? तिला तर गॅसची टाकी बदलता येत नाही. मी त्या यंत्राखाली पांडुरंगाला म्हणालो, वीणा घे, मान घे, खुर्चीत बसव, पण मला अजून थोडं ऐकू दे. दोनचार सप्ते. जास्त मागत नाही.

तेवढ्यात दारातून आवाज आला.

"साहेब, डाग नव्हं त्यो. त्यांचं उपरणं हाय."

तीच बाई. हातात पोचा. नाव सुगंधाबाई, हे मला नंतर कळलं.

डॉक्टर वळले. "काय म्हणालात?"

"त्या दिशी सोगा उजव्या कानाला खोसला व्हता. आज डाव्या. म्या दोन्ही बारीला बघितलं, संडासात सोगा खाली वल्ल्यात लोळतो त्यांचा. म्या सांगितलं बी, तर आबा अंगावर आले." तिनं पोचा दाराला टेकवला. "आमच्यात मेंढरांला रंग लावतेत, वळखू यावं म्हणून. वल्ला रंग एकीचा दुसरीला लागतो. मंग दोन धनी भांडत बसतेत, माझी का तुझी. आधी मेंढरू पुसून बघावं लागतं, साहेब. मंग भांडावं."

डॉक्टरांनी तिच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग, मंडळी, त्यांनी माझ्या डोक्यावरचं उपरणं काढलं. नाही म्हणायला मला तोंडच नव्हतं. मॅडमनी माझं डोकं आणि कान ओल्या फडक्यानं पुसले. पुन्हा फोटो. कवटी घासलेल्या ताटासारखी लख्ख. डाग नाही, डागाचा भाऊ नाही.

मग डॉक्टरांनी मला उठवलं आणि त्या टेबलावर, जिथं पाच मिनिटांपूर्वी मी होतो, तिथं माझं उपरणं घडी करून निजवलं. आणि त्याचा फोटो काढला.

पडदा रिकामा. ना कवटी, ना बरगडी. आणि मधोमध एकटा, काळाकुट्ट, ऐसपैस डाग. माझा कॅन्सर! सहा दिवस ज्याच्यापायी गल्ली रडली, बायकोनं लोणी काढलं, बन्सीनं खुर्ची मांडली, तो सुती कापडाच्या टोकाला झाला होता. उपरण्यासाठी जप ठेवायला हवा होता, दोन मिनिटं.

"लघवीतलं औषध कापडाला लागलं," डॉक्टर म्हणाले. "यंत्राला कापड दिसत नाही, फक्त औषध दिसतं. ते डोक्याशी होतं म्हणून वाटलं डोक्यात आहे."

मला एक शंका आली. "माझ्याच लघवीतलं ना?"

डॉक्टरांनी चष्मा पुसला. "त्या संडासात दिवसभर इंजेक्शन घेतलेलेच पेशंट जातात, आबा. दुसऱ्या कुणाचं असण्याची शक्यता... नाकारता येत नाही."

मी तीन वेळा अंघोळ केली त्या दिवशी. माझी शिस्त! वडिलांनी माळ पवित्र राहावी म्हणून घालून दिलेली शिस्त, आणि मी ती पाळत पाळत कुणाकुणाचं काय काय कानामागं खोसून नामस्मरण करत होतो. देव किती सहन करतो, बघा.

"आणि टाच?" मी दारात थांबून विचारलं. कारण कुणीच विचारत नव्हतं.

"टाच खरी आहे. केसाएवढी चीर. ती पहिल्या रिपोर्टातही लिहिली होती, तिसऱ्या ओळीत. सहा आठवडे उभं राहायचं नाही."

म्हणजे पहिल्या दिवशीच, मंडळी! पहिल्या दिवशी कुणी माझी टाच वाचली असती तर सहा दिवस प्लास्टर बांधून निवांत बसलो असतो. खोटा डाग दहा जणांनी वाचला, खरा डाग एकानं नाही. मीसुद्धा नाही, हे कबूल करतो, आणि या वाक्यानंतर तुम्ही मला मध्ये थांबवू नका.

दुसरा रिपोर्ट आला तो मी स्वतः वाचला, खालून वर. त्यात लिहिलं होतं: डोक्याजवळचा डाग हा कपड्याला लागलेल्या औषधाचा असल्याचे निदर्शनास आले.

निदर्शनास आले. हे वाक्य माझ्या ओळखीचं होतं. तीस वर्षं मीच लिहिलंय ते. 'पाटचारी फुटल्याचे निदर्शनास आले.' कुणाच्या निदर्शनास आलं, पहाटे चिखलातून धावत येऊन कुणी सांगितलं, हे मी कधी लिहिलं नाही. लिहायची पद्धत नव्हती. एक कुणीतरी असायचा धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेला, बाहेर उभा. आम्ही त्याला म्हणायचो, ठीक आहे, जा तू.

मी काठी टेकत केंद्रात गेलो. म्हणालो, "डॉक्टर, हिचं नाव लिहा."

"आबा, रिपोर्टात असं लिहीत नाहीत."

"का?"

"पद्धत नाही."

भांडलो. मोठ्यानं भांडलो, बाहेरचे पेशंट आत डोकावले. डॉक्टर भला माणूस, पण पद्धतीपुढं त्यांचा नाइलाज. तेव्हा मी त्यांच्याच टेबलावरचा पेन उचलला आणि त्या ओळीच्या शेवटी मराठीत लिहिलं: 'सुगंधाबाईंच्या.' खाली सही, तारीख. फाईल पुरी झाली.

ती कोपऱ्यात फरशी पुसत होती. मी म्हणालो, "सुगंधाबाई, त्या दिवशी मी तुमच्यावर खेकसलो."

"व्हय," ती म्हणाली. "रोज एक तरी खेकसतंय." आणि बादली उचलून पुढं गेली. काल्याला या म्हणालो तर म्हणाली, "इतवारी ड्युटी हाय, आबा."

काल्याला मी खुर्चीत बसलो. होय, प्लास्टिकच्या, हातांच्या. पायाला प्लास्टर, सगळ्यांचं 'अरेरे' ऐकत. वीणा बन्सीच्या गळ्यात. आणि आरतीच्या आधी काय झालं असेल? बन्सी माझ्यासमोर आला, वाकला, आणि वीणा माझ्या गळ्यात घातली. म्हणाला, "उठा आबा. एका पायावर उठा. दुसरा पाय मी हाय." काखेत हात घालून त्यानं मला अख्खी आरतीभर तोलून धरलं. घामानं भिजला, पण हलला नाही. सहा दिवसांचा राग घेऊन गेलो होतो त्याच्यासाठी. तो कुठं ठेवावा कळेना.

मग माईकवर नावं वाचली. मंडप कुणाचा, पंगत कुणाची, हार-फुलं कुणाची. वाचणारा शेवटी म्हणाला, "आणि ज्ञात-अज्ञात सर्वांचे आभार." मी एका पायावरूनच ओरडलो, "अज्ञात कुणी नसतं! विचारलं नाही म्हणून अज्ञात! लिही, सुगंधाबाई!" लोक म्हणाले, आबांच्या डोक्यात अजून आहे काहीतरी.

असू द्या. आता माझं मागणं. तुम्ही कधी त्या केंद्रात जाल, देव करो नि न जावं लागो, तर कपडा सांभाळा, आणि दारात पोचा घेऊन उभी असलेली बाई काही म्हणाली तर थांबून ऐका. आणि पुढच्या काल्याला लाही तोंडात टाकाल, तेव्हा मनातल्या मनात एकदा सुगंधाबाईचं नाव घ्या. ती आत्ता ड्युटीवर आहे.